ओट्याची उंची पंचवीस इंच

आबा,

आधी काय घडलं ते क्रमाने लिहिते.

१. तुम्ही बांधलेला ओटा मी फोडायला लावला. फोडताना मी समोर उभी होते.
२. त्या ओट्याची उंची पंचवीस इंच होती. नव्या ओट्याची चौतीस आहे.
३. नव्या ओट्यावर माय पहिल्यांदा मांडे करायला उभी राहिली, तेव्हा तिचा डावा हात खापराला लागला. मनगटापासून कोपरापर्यंत भाजला.
४. तिने शेजारणीला सांगितलं की यंदा आखाजीला मांडे करणार नाही, वय झालं. ती चोपन्न वर्षांची आहे.
५. आखाजी, म्हणजे कॅलेंडरवरची अक्षय्य तृतीया, पुढच्या आठवड्यात आहे. ओटा कापायचा असेल तर कारागीर फक्त येत्या गुरुवारी येऊ शकतो.

हे मी धुळ्यात, ऑफिसमध्ये, जेवणाच्या सुट्टीत लिहिते आहे. मी दुसऱ्यांच्या घरांचे जिने आणि स्वयंपाकघरं काढते. कागद आपल्याच स्वयंपाकघराच्या ड्रॉइंगचा आहे, पाठकोरा. बाहेर ऊन इतकं पांढरं आहे की समोरची इमारत काचेत विरघळल्यासारखी दिसते, आणि कूलरच्या आवाजात मला मधूनमधून तुमच्या थापीचा आवाज येतो, ओल्या सिमेंटवरचा. तसा आवाज इथे कुठूनही येणं शक्य नाही. तुम्ही जाऊन नऊ वर्षं झाली. मी आठवणींवर फारशी विसंबत नाही, मापावर विसंबते. म्हणून मापांपासून सुरुवात करते.

माय गेली दोन वर्षं कंबरेवर हात ठेवून उभी राहायची. "कंबर मोडी गयी मनी," असं म्हणायची आणि लगेच दुसऱ्या कामाला लागायची. मी दर रविवारी पारोळ्याला घरी येते, सहा तास राहते. त्या सहा तासांत मी तिला ओट्यापाशी वाकलेली बघायचे. मी निष्कर्ष काढला: ओटा ठेंगणा आहे. एकदा निष्कर्ष काढला की बाकीचं मला सोपं जातं. मी ड्रॉइंग काढलं, आणि हातातल्या पैशात काय बसतं ते ठरवलं. सिंक हलवायचं नाही, म्हणजे सांडपाण्याची लाइन फोडावी लागत नाही. ग्रॅनाइट नवा घ्यायचा नाही. धुळ्याच्या एका दगडाच्या वखारीत बंगल्यांच्या कामातले उरलेले कटपीस मिळतात, त्यातले एका रंगाचे तीन निवडले. भिंतीला टाइल्स लॉटमधल्या शेवटच्या, तीन प्रकारच्या पांढऱ्या. वरून खाली गडद होत जातील अशा लावल्या की ते ठरवून केल्यासारखं दिसतं. चिमणीऐवजी खिडकीत पंखा. प्लायवूडची पेटी न बनवता तयार स्टीलच्या जाळीच्या ट्रॉल्या थेट ओट्याखाली, पुढे पीव्हीसीची दारं. फळीखाली दिव्याची एक पट्टी. तुमचा जुना काळा कडप्पा टाकला नाही. त्याच्या दोन फळ्या केल्या, डब्यांसाठी. काम अकरा दिवसांत झालं. मी ज्या कुणाला त्याचे फोटो दाखवते ते आधी खर्च विचारतात आणि मग पुन्हा फोटो बघतात. यात माझं काहीच चुकलेलं नाही. एक आकडा सोडून.

ओटा फोडायला तुमचे गवंडीकामातले जोडीदार आले होते. आता ते एकटेच काम घेतात. गुडघे दुखतात म्हणून जिन्याचं काम घेत नाहीत. मी त्यांना अजून काका म्हणते. त्यांनी घण हातात घेतला. मग म्हणाले, "बाई, वहिनीले इचारं का?"

मी म्हटलं, "काका, ड्रॉइंग आहे ना."

"ड्रॉइंग ते शे. पन कोनं माप लिधं?"

"स्टँडर्ड आहे."

"बरं," काका म्हणाले, "स्टँडर्ड ते स्टँडर्ड." आणि त्यांनी पहिला घाव घातला. माय तेव्हा मागच्या दारात गहू निवडत होती. तिने सूप थांबवलं नाही. मला इतकंच आठवतं की घाव पडला त्या क्षणी सुपाचा आवाज किंचित जलद झाला.

स्टँडर्ड हा शब्द मी तुमच्यासमोरही एकदा वापरला होता. तुम्हाला आठवत असेल. मी डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला होते, दिवाळीच्या सुट्टीत घरी आले होते, आणि माझ्या सॅकमध्ये नवी टेप होती. काका चहा प्यायला बसले होते. मी ओट्याला टेप लावली आणि दोघांच्या देखत म्हणाले, "आबा, हा स्टँडर्डपेक्षा आठ-नऊ इंच खाली आहे. लोकांची किचनं बांधता आणि घरातलंच चुकलं?" काका हसले. तुम्ही हसला नाहीत. कप खाली ठेवलात आणि एवढंच म्हणालात, "पुस्तकमा तुनी मायनं माप शे का?"

तुम्ही मला रागावलात ते तेवढंच, सगळ्या आयुष्यात. आवाजही चढवला नव्हता. मी आठवडाभर तुमच्याशी बोलले नाही, आणि माझं बरोबर आहे हे मनात पक्कं करून परत गेले. तुम्ही अजून दोन वर्षं होतात. त्या दोन वर्षांत मला कधीही विचारता आलं असतं की पंचवीस का. मी विचारलं नाही. उत्तर नको असलं की मी प्रश्न विचारत नाही. ही माझी जुनी सवय आहे. ऑफिसात तिला शिस्त म्हणतात.

मांडा म्हणजे काय हे तुम्हाला सांगायची गरज नाही. पण वस्तू नीट मांडल्याशिवाय मला पुढचं लिहिता येत नाही. चूल किंवा शेगडी, तिच्यावर मातीचं खापर, उपडं. त्याची पाठ तापते. पुरण भरलेला गोळा हातावर घ्यायचा, आणि लाटायचा नाही. फिरवायचा. तळव्यावरून मनगटावर, मनगटावरून कोपरापर्यंत, एका हातावरून दुसऱ्या हातावर, तो स्वतःच्या वजनाने पसरत जातो. शेवटी दोन्ही हातांवर पदरासारखा लोंबतो, इतका पातळ की त्यातून खिडकी दिसते. मग दोन्ही हात खापरावर नेऊन तो सोडून द्यायचा. सोडताना हात खापरापेक्षा जरासा वर हवा. जास्त वर असला तर मांडा घडी पडून फाटतो. खाली असला तर हात भाजतो. सगळा खेळ एका बोटाच्या अंतराचा आहे.

आता बेरीज. शेगडी चार इंच, उपडं खापर सात इंच. पंचवीस अधिक अकरा, छत्तीस. मायचं कोपर जमिनीपासून सदतीस इंचांवर आहे. मध्ये बरोबर एक इंच. बोटाएवढा.

चौतीस अधिक अकरा, पंचेचाळीस. ते तिच्या खांद्याच्या जरा खाली येतं.

ही बेरीज मला दुसरीतही जमली असती. मी ती केली नाही, कारण मी ओट्याकडे भाजी चिरायची, कणीक मळायची जागा म्हणून बघितलं. माय भाजी जमिनीवर विळीपाशी बसून चिरते. कणीक परातीत, जमिनीवर मळते. ओट्यावर ती फक्त विस्तवापाशी उभी राहते. तो ओटा नव्हताच, आबा. ती उभ्याने वापरायची चूल होती, एका बाईच्या हाताला लागून बांधलेली. आणि कंबर? कंबर दुखत होती ती पाण्याच्या ड्रममुळे. ती रोज ड्रममध्ये वाकून तळाचं पाणी कळशीत काढायची. काम चालू असताना ड्रम आडवा येत होता, म्हणून मी तो विटांच्या दोन थरांवर चढवला आणि खाली तोटी बसवली. पंधरा दिवसांत कंबर दुखायची थांबली. सगळ्या कामातली सगळ्यात स्वस्त गोष्ट ती तोटी होती. तेवढीच पुरली असती.

पहिला मांडा करायचा तो रविवार होता. मी जमिनीवर लॅपटॉप घेऊन बसले होते. नव्या टाइल्सवर सकाळचं ऊन पडलं होतं आणि खोली दुधाने भरल्यासारखी दिसत होती, त्यात माय उभी. तिने गोळा हातावर घेतला, फिरवायला लागली, आणि मी काम थांबवून बघत राहिले, लहानपणी बघायचे तशी. मांडा मोठा होत जातो. मायचा चेहरा त्याच्यामागे जातो, पुन्हा दिसतो. तिचे डोळे अर्धे मिटलेले असतात, ती मांड्याकडे बघत नसते, कुठेच बघत नसते. मग ती खापराकडे वळली, हात वर उचलले, अजून वर, टाचा उचलल्या. मांड्याची कड आधी खापराला चिकटली आणि ओढ बसली, आणि हात खाली आला. अर्धा मांडा खापरावर जळत राहिला आणि अर्धा ओट्यावर पडला.

मी तिचा हात नळाखाली धरला. वीस मिनिटं, घड्याळ लावून. ती मला समजावत होती. "चटका शे. उतरी जाई. तुनं किचन मस्त शे, बठ्ठं मस्त शे."

त्याच्या पुढच्या रविवारी मी दारात चप्पल काढत होते तेव्हा शेजारीण आत होती. तुम्हाला ती आठवेल, जिच्या बोलण्याला तुम्ही लवंगी फटाका म्हणायचात. तिचा आवाज आला. "माय वं! हाई ते मुंबईनं किचन व्हयी गयं, बाई! पन पाटवर चढीसन पोया करस का तू? आते एक शिडी बी बनाडी ले पोरीकडथून!"

मी आत डोकावले. माय पाटावर उभी होती. देवासमोरच्या पाटावर नाही, न्हाणीतल्या. तिने मला बघितलं आणि इतक्या सहज खाली उतरली की जणू काही शोधायला वर चढली होती.

"आनि आमना आखाजीना मांडा?" शेजारीण म्हणाली.

"यंदा नई. वय व्हयनं आते मनं."

"तुनं वय? मनापेक्षा चार वरीस धाकली शे तू!"

"मंग तूच कर," माय म्हणाली, आणि दोघी हसल्या. मायने हसताना पदर डाव्या हातावर ओढून घेतला.

तुमच्या नंतर घर त्या खापरावर, विकलेल्या मांड्यांवर चाललं, आबा. माझं शिक्षणही. आखाजीच्या आधी आठ दिवस गल्लीतल्या बाया डबे आणून ठेवायच्या, झाकणावर खडूने खुणा केलेल्या. सासरहून आलेल्या पोरी अंगणात झोक्यावर, आणि आत माय, घामाने चमकणारी, हातावर मांडा, कुणाशी तरी भांडत, कुणाला तरी हसवत. ती एरवी इतकी बोलत नाही. मला वाटतं, ती फक्त त्या आठ दिवसांत पूर्ण तिच्या उंचीची असायची. ते मी बंद पाडलं, आणि वर लोक माझं अभिनंदन करतात. ती स्वतःच करते. कुणी आलं की आधी दिव्याची पट्टी लावून दाखवते. "पोरीनी बांधं शे. इंजिनेर शे ती."

उपाय मला माहीत आहे. डावीकडचा तीन फूट ओटा खाली घ्यायचा. ग्रॅनाइट तिथे तसाही जोडलेलाच आहे, सांध्यावर कापता येईल. त्याखालची एक ट्रॉली जाईल. काकांना फोन केला तेव्हा त्यांनी मला एका शब्दानेही टोचलं नाही. फक्त विचारलं, "किती खाली?" मी म्हटलं, पंचवीस. ते म्हणाले, "एकोणीस वरीस व्हयनात तो आकडाले. नवं माप ली ठेव. मानूस बी खचस."

म्हणून मी गेल्या रविवारी टेप घेऊन तिच्यासमोर उभी राहिले. म्हटलं, "माय, मांडा टाकल्यासारखे हात धर." तिने एकदा नव्या ओट्याकडे बघितलं. मग हात उचलले, पट्टी बांधलेला डावाही, आणि खांद्याशी आणून धरले. "देख," ती म्हणाली, "पुरस." मी टेप लावली. सेहेचाळीस इंच. ती माझ्याकडे बघून हसत होती. मी आकडा लिहून घेतला. मग खोडला. माझ्या कामात चुकीचं माप अनेकदा येतं. टेप ढिली असते, भिंत वाकडी असते. मला जपण्यासाठी कुणी चुकीचं माप दिल्याचं हे पहिलंच. त्यावर काय करायचं हे मला शिकवलेलं नाही.

तेव्हापासून मला एक दुपार दिसते आहे. मी नऊ वर्षांची आहे. स्वयंपाकघराला अजून फरशी नाही, माती आहे, आणि ती नुकतीच पाणी मारल्यामुळे गार आहे. भिंतीवर तुम्ही खडूने ओट्याच्या उंचीची एक आडवी रेघ मारली आहे. तुम्ही गुडघ्यावर बसला आहात, टेपचं शून्याचं टोक अंगठ्याने जमिनीला दाबून. दुसरं टोक माझ्याकडे आहे, कारण आकडा मी वाचायचा आहे. खिडकीच्या जागी नुसतं चौकोनी भोक आहे आणि त्यातून उन्हाचा एक तुकडा आत येऊन मायच्या पायांवर बसला आहे. तुम्ही म्हणता, "मांडा टाक."

"पीठ कोठे शे?"

"पीठ राहू दे. हात दखाड."

"येडा व्हयनात का तुम्ही?" असं म्हणून ती हात उचलते. रेघेकडे बघते आणि हात रेघेला शोभतील असे धरते. "कितला?" तुम्ही मला विचारता. मी वाचते, एक्केचाळीस. तुम्ही मान हलवता. उठता, ओल्या फडक्याने भिंतीवरची रेघ पुसता. मग तिला म्हणता, "हाई ओटानं माप शे. माले तुनं पाहिजे. डोया मिटी ले."

ती डोळे मिटते. हसते आधी, मग हसू जातं. तिच्या हातांवर काहीतरी येतं. तिथे पीठ नाही, तरी ते फिरायला लागतं. तळव्यावरून मनगटावर, मनगटावरून कोपरावर. मला ते दिसतं, मोठं होताना, आणि त्याच्यामधून उन्हाचा तो तुकडा दिसतो. ती वळते आणि समोरच्या रिकाम्या जागेत ते सोडून देते, अलगद, आणि तिचे हात तिथेच थांबतात. मी टेप लावते.

"सदतीस," मी म्हणते.

तुम्ही खडूने भिंतीवर सदतीस लिहिता, त्यातून बारा वजा करता, आणि त्या आकड्याखाली दोन रेघा मारता.

ही आठवण खरी आहे का, हे मला माहीत नाही. सदतीस खरं आहे, ते बेरजेत बसतं. माती खरी आहे, कारण फरशी पुढच्या वर्षी झाली. पण रेघ पुसली होती का? डोळे मिटायला सांगितलं होतं का? की मला आता एक युक्ती हवी आहे म्हणून मी ती तुमच्या तोंडी घातली? मी तुमच्याकडून एवढी वर्षं काही मागितलं नाही. आखाजीला माय तुमच्या नावाने घागर भरते. चूल गेल्यापासून घरात निखारा नाही, म्हणून गेल्या वर्षी तिने गोवऱ्या तुमच्या जुन्या घमेल्यात पेटवल्या आणि त्यावर तुमचा घास टाकला. मी बाजूला उभी राहून निखाऱ्यांनी घमेल्याचा पत्रा किती तापतो ते बघत होते. यंदाही घमेलं घासून ठेवलं आहे. त्यात टाकायला मांडा असेल की बाजारची पोळी, ते गुरुवारवर आहे.

मी बुधवारी संध्याकाळच्या बसने घरी जाणार आहे. सोबत टेप असेल. टेपला हुक असतो, एकटीलाही माप घेता येतं.

हा कागद मी पाठवणार नाही, पाठवायची सोयही नाही. गुंडाळून ड्रॉइंगच्या नळकांड्यात ठेवीन. त्याआधी एक दुरुस्ती. चौतीस हे स्टँडर्ड आहे असं मी काकांना सांगितलं, मायला सांगितलं, आणि वर याच पत्रातही तसंच राहू दिलं. स्टँडर्ड हा एक आकडा नसतो, दोन-तीन इंचांची जागा असते. त्यातला चौतीस मी टेपने ठरवला, धुळ्यातल्या माझ्या खोलीत, आरशासमोर उभी राहून. माझं कोपर चाळीस इंचांवर आहे. त्यातून सहा वजा केले. ते स्वयंपाकघर माझ्या मापाचं आहे, आबा, आणि मला मांडे येत नाहीत.

तिला डोळे मिटायला तुम्हीच सांगितलं होतं ना? एवढंच कळवा. बुधवारी संध्याकाळपर्यंत कळवा. गुरुवारी सकाळी दहा वाजता काका कटर घेऊन येणार आहेत.